घरगुती राहण्याची सोय आणि बँकेचे तारण

कोकणात दापोली, गुहागर, हरिहरेश्वर या बाजूला ज्यांचे जाणे झाले असेल, त्यांनी रस्त्याकडेच्या फाटकावर एक पाटी हमखास वाचली असेल : ‘घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय’. पाटी लहान, अक्षरे बहुधा घरातल्याच कुणीतरी रंगवलेली. आत गेल्यावर माडापोफळीची वाडी, सारवलेले अंगण, पाहुण्यांसाठी मोकळ्या केलेल्या एक-दोन खोल्या आणि ‘जेवायला किती जण?’ असे स्वयंपाकघरातून विचारणारी घरधनीण. जगभर ज्याला आज ‘होमस्टे’ असे भारदस्त नाव मिळाले आहे, तो याहून फारसा निराळा नाही. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने याच व्यवस्थेला ‘निवास व न्याहारी योजना’ या नावाने मान्यता दिली, इतकेच.

आमच्या भिलाईकरांना तर ही कल्पना मुळीच परकी वाटू नये. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे येथे येऊन दाखल झाली. क्वार्टर मिळेपर्यंत कित्येकांनी दुर्गमध्ये कुणाच्या तरी घरी खोली घेतली आणि महिन्याचे पैसे मोजून त्याच घरी जेवण केले. माझे आजोबा भंडाऱ्याहून आले तेव्हा असेच एका छत्तीसगढी कुटुंबात दीड वर्ष राहिले. त्या घरातील वडीलधाऱ्या बाईंना ते अखेरपर्यंत ‘दाई’ म्हणत. पैसे घेऊनही आपलेपणा राखता येतो, हे मी लहानपणी त्यांच्याच तोंडून ऐकले.

हे सारे आज आठवण्याचे कारण असे, की गेल्या दोन वर्षांत या साध्या कल्पनेला शासनाचे धोरण आणि बँकांचा पतपुरवठा या दोहोंचे पाठबळ मिळू लागले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या जनजातीय उन्नत ग्राम अभियानात आदिवासी भागांत १,००० होमस्टे उभारण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. १ फेब्रुवारी २०२५ रोजी मांडलेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात होमस्टेसाठी मुद्रा कर्जे देण्याची घोषणा झाली. त्याच वर्षी छत्तीसगढ शासनाने स्वतंत्र होमस्टे धोरण स्वीकारले आणि त्यात बस्तर व सरगुजा या भागांवर विशेष भर दिला. म्हणजे आता प्रश्न आपल्या दारात आला आहे. शाखेच्या काउंटरवर उद्या एखादा धुरवा किंवा गोंड शेतकरी येऊन ‘पाहुण्यांसाठी खोली बांधायची आहे’ असे म्हणाला, तर त्याला आपण काय उत्तर देणार आहोत?

परत पाठवलेला एक अर्ज

या प्रश्नाचे चुकीचे उत्तर मी एकदा दिले आहे, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

काही वर्षांपूर्वी मी बस्तर भागातील एका ग्रामीण शाखेत होतो. बचत गटातील एक बाई आपल्या मुलासह आल्या. धबधबा पाहायला येणारे लोक त्यांच्या घरी चहा मागत, कधी मुक्कामाची विचारणा करीत. मागची पडवी नीट करावी, एक शौचालय आणि न्हाणीघर बांधावे, दोन खाटा आणि गाद्या घ्याव्यात, एवढाच त्यांचा विचार होता. रक्कमही मोठी नव्हती. मी कागद मागितले. घर वनहक्क पट्ट्याच्या जमिनीवर होते. उत्पन्नाचा दाखला नव्हता. ‘मागील तीन वर्षांचा व्यवसाय’ या रकान्यात लिहिण्यासारखे काही नव्हते. पर्यटन हा शेतीपूरक व्यवसाय धरावा की सेवा उद्योग, याचाही मला उलगडा होईना. शेवटी ‘पुरेसे तारण नाही’ असा शेरा मारून मी अर्ज परत केला. नियमाप्रमाणे पाहिले तर माझ्यावर बोट ठेवण्यास जागा नव्हती. त्या बाई मात्र पुन्हा शाखेत आल्या त्या केवळ गटाचे हप्ते भरण्यासाठी. खोलीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि मीही विचारले नाही.

बदलीने भिलाईला परतल्यानंतर ही गोष्ट मी विसरूनही गेलो होतो. ती पुन्हा आठवली ती धुडमारासमध्ये.

धुडमारासमधील दोन रात्री

धुडमारास हे बस्तर जिल्ह्यातील कांगेर खोऱ्याच्या राष्ट्रीय उद्यानातले लहानसे गाव. भिलाईहून रायपूर, धमतरी, कांकेर, केशकालचा घाट आणि कोंडागाव असा तीनशे किलोमीटरहून अधिक प्रवास करून जगदलपूर गाठावे आणि तेथून पुढे सालवनात शिरावे. हे राष्ट्रीय उद्यान १९८२ सालचे, सुमारे २०० चौरस किलोमीटरचे. तीरथगढचा धबधबा आणि कुटुमसरची चुनखडीची गुहा याच परिसरात आहेत, आणि छत्तीसगढचा राज्यपक्षी असलेली पहाडी मैना येथेच नांदते. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या उद्यानाचे नाव दाखल झाले.

त्याआधी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने जगातील उत्तम पर्यटन ग्रामांची निवड जाहीर केली. त्यात ५५ गावांना मुख्य मान मिळाला, आणि ज्यांना पुढे येण्यासाठी साह्य द्यावे अशी आणखी २० गावे ‘उन्नयन कार्यक्रमा’साठी निवडली गेली. त्या २० गावांत धुडमारास आहे. साठांहून अधिक देशांतील गावांमधून ही निवड झाली होती. हेच दरभा खोरे २५ मे २०१३ रोजीच्या झीरम घाटीतील हत्याकांडामुळे देशाला ठाऊक झाले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या बातमीचे मोल कळते. जेथे जाण्याचे नाव काढताच घरचे लोक काळजीत पडत, तेथे आता जगाने पाहुणा म्हणून यावे असे सांगितले जात होते.

मागील डिसेंबरात पत्नी आणि मुलीसह आम्ही तेथे दोन रात्री राहिलो. मातीच्या भिंती, कौलारू छप्पर, स्वच्छ खोली, जाड चादर, बाहेर साधे पण नेटके शौचालय. सकाळी मडियाची पेज, दुपारी सालाच्या पानांच्या पत्रावळीवर भात, कुळथाची डाळ, बांबूच्या कोंबाची भाजी, आणि चवीला लाल मुंग्यांची ‘चापडा’ चटणी. मुलीने आधी नाक मुरडले, नंतर दुसऱ्यांदा मागून घेतली. गावातील तरुणांनी कांगेर नदीत बांबूच्या तराफ्यावरून फिरवून आणले. धुरवा समाज बांबूच्या कामात वाकबगार. संध्याकाळी घरचे आजोबा अंगणात सूप विणीत बसले होते आणि माझी मुलगी तासभर त्यांच्या हाताकडे पाहत होती. त्यांची धुरवी बोली आम्हाला येत नव्हती, हलबीही जेमतेम. तरी कुणाचे काही अडले नाही.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मी, सवयीने, त्या घराचा हिशेब मांडू लागलो. खोलीसाठी किती खर्च आला असेल? शौचालय, न्हाणीघर, खाटा, गाद्या, सौरदिवा. आणि एकाएकी त्या बाईंचा अर्ज डोळ्यांसमोर उभा राहिला. नेमक्या याच गोष्टी त्यात लिहिल्या होत्या. आम्हाला ज्या सोयीने समाधान दिले, तीच सोय उभी करण्यासाठी मागितलेले पैसे मी नाकारले होते.

गावाने ठेवलेला पाहुणा

मग मी या विषयाचा थोडा पाठपुरावा केला. जेथे जेथे हा उपक्रम टिकला, तेथे तेथे एक गोष्ट समान दिसली. पाहुणा एका घराचा नसतो, गावाचा असतो.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण पुरुषवाडीचे. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यातले हे महादेव कोळी समाजाचे गाव. २००६ च्या सुमारास ‘ग्रासरूट्स’ या संस्थेच्या साह्याने तेथे ग्रामीण पर्यटन सुरू झाले. पावसाळ्याच्या तोंडावर झाडे काजव्यांनी लखलखतात, ते पाहायला मुंबई-पुण्याची माणसे येतात. पाहुण्यांच्या मुक्कामाची आणि जेवणाची जबाबदारी घराघरांतून पाळीने येते. त्यामुळे ज्याचे घर रस्त्यालगत त्याचीच भरभराट आणि टोकाच्या घराला काहीच नाही, असे होत नाही. कृषी पर्यटनाची वाट थोडी वेगळी. २००५ मध्ये बारामतीजवळच्या माळेगाव येथे पांडुरंग तावरे यांनी सुरू केलेल्या केंद्रापासून ती रुळली आणि सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यासाठी धोरण मंजूर केले. तेथे शेतकरी स्वतःच्या शेतावर, स्वतःच्या जोखमीवर व्यवसाय करतो. ज्याच्याकडे जमीन आणि भांडवल आहे त्याला हे जमते. दोन एकर भरडाच्या मालकाला पाळीची पद्धतच परवडते.

याच पद्धतीचे दूरदेशीचे उदाहरण किर्गिझस्तानचे आहे आणि भिलाईकरांना ते जवळचे वाटावे. ज्या सोव्हिएत संघाच्या मदतीने आपला कारखाना उभा राहिला, त्याचाच तो एक भाग होता. ३१ ऑगस्ट १९९१ रोजी तो देश स्वतंत्र झाला आणि पाठोपाठ सामुदायिक शेते मोडली. मेंढपाळांचे पगार थांबले, आणि काही वर्षांत देशातील मेंढ्यांची संख्या निम्म्याहून खाली आली. भूक भागवण्यासाठी माणसांनी कळप विकले. हाती उरले ते उन्हाळी कुरणावर जाण्याचे ज्ञान आणि लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू. आपण त्याला युर्त म्हणतो, ते ‘बोझ उय’ म्हणतात. त्याच्या शिखरावरील लाकडी चक्र, ‘तुंदुक’, त्यांच्या राष्ट्रध्वजावर आहे.

२००० साली हेल्वेटास या स्विस संस्थेच्या साह्याने तेथील कुटुंबांनी गावोगाव पर्यटन गट बांधले आणि २००३ मध्ये त्यांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला. पद्धत अशी, की गावात एक समन्वयक, त्याच्याकडे घरांची व तंबूंची यादी, सर्वांना लागू असलेले दरपत्रक, आणि घरांच्या सोयींनुसार एडलवाइस फुलांच्या चिन्हांनी दिलेली श्रेणी. पाहुणा प्रथम समन्वयकाकडे येतो, मग घरी जातो. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून उंच असलेल्या सोंग-कोल सरोवराच्या काठी जून ते सप्टेंबर मेंढपाळ कुटुंबे आपले तंबू ठोकतात. तेथे पाहुण्यासाठी एक तंबू जास्तीचा असतो. घोडीचे आंबवलेले दूध, ताजी रोटी, शेणाच्या गोवऱ्यांची शेगडी. कुटुंब तेथे पाहुण्यांसाठी जात नाही, आपल्या जनावरांसाठी जाते. पाहुणा आला तर चार पैसे अधिक मिळतात, न आला तरी दूध आणि लोकर आहेच.

मला या शेवटच्या वाक्यात साऱ्या विषयाचे मर्म दिसते. होमस्टे हा जोडधंदा आहे. मूळ धंदा शेतीचा, जनावरांचा, वनोपजाचा. जोडधंद्याला मूळ धंद्याच्या आकाराचे कर्ज दिले, तर दोन्ही बुडतात.

तारण कशाचे धरावे?

आता आपल्या खात्याकडे वळू. आपण अधिकारी मंडळी तारणाचा विचार प्रथम जमिनीने करतो. अनुसूचित क्षेत्रात आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीच्या नावे जाऊ नये असा कायद्याचा कटाक्ष आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा वारसाकडे जातो, पण तो विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. या तरतुदी आदिवासींचे पाय जमिनीवर राहावेत म्हणून केलेल्या आहेत आणि त्या योग्यच आहेत. बँकेची वसुली सोपी व्हावी म्हणून त्या सैल कराव्यात, असे म्हणणारा मी नव्हे. परंतु त्यांचा परिणाम असा होतो, की ज्याचे रक्षण कायदा करतो त्याच्यासाठी बँकेची खिडकी आपोआप अरुंद होते. मग मोठ्या शहरातला एखादा व्यावसायिक भागीदारीचे कागद घेऊन येतो, गवताच्या छपराखाली वातानुकूलित खोल्या बांधतो, त्याला ‘ट्रायबल होमस्टे’ असे नाव देतो, आणि गावकरी तेथे वाढपी व रखवालदार म्हणून कामाला लागतात. त्याच्याकडे तारण असल्यामुळे त्याला कर्ज मिळते. गावाला नोकरी मिळाली, हे खरे, पण घरधनी बदलला.

ही गोष्ट टाळण्याची साधने आपल्यापाशी आहेत. मुद्रा योजनेखालील कर्जाला तारण मागण्याचे कारण नाही. राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियानातील बचत गटांना १० लाख रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्ज देता येते आणि ऑगस्ट २०२१ पासून ही मर्यादा, पतहमीच्या छत्राखाली, २० लाखांपर्यंत वाढली आहे. जनजातीय उन्नत ग्राम अभियानात दोन नव्या खोल्यांसाठी प्रत्येक घराला ५ लाखांपर्यंत, जुन्या खोल्यांच्या दुरुस्तीसाठी ३ लाखांपर्यंत, आणि गावाच्या सामायिक गरजांसाठी ५ लाखांपर्यंत साह्याची तरतूद आहे. उणीव आहे ती आपल्या दृष्टीची. गटाचे पाच वर्षांचे हप्त्यांचे पुस्तक, ग्रामसभेचा ठराव, गावाने मान्य केलेले दरपत्रक आणि पाळीची वही ही चार कागदपत्रे माझ्या मते सातबाऱ्याहून अधिक भरवशाची आहेत. ज्या गटाने मागील पाच वर्षांत एकही हप्ता चुकवला नाही, त्याच्या सदस्याला ‘तारण नाही’ असे सांगताना मी कोणते तारण पाहत होतो, असा प्रश्न मला आता पडतो.

थोडा हिशेब

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याने आकड्यांशिवाय माझे समाधान होत नाही. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.

समजा, एका घराला वर्षभरात मिळून ६० रात्रींचे पाहुणे मिळाले आणि जेवणासह एका रात्रीचे १,५०० रुपये मिळाले. एकूण जमा ९०,००० रुपये. त्यातून शिधा, सरपण, धुलाई, सौरदिव्याची बॅटरी यांसाठी ३६,००० गेले. गावनिधीला दहा टक्के, म्हणजे ९,००० दिले. हाती उरले ४५,०००. एक लाखाचे कर्ज ११ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले असेल, तर वर्षाची परतफेड सुमारे २६,००० होते. कुटुंबाकडे १९,००० रुपये शिल्लक राहतात. धान आणि महुआ यांच्या उत्पन्नावर ही भर काही कमी नाही.

आता एखाद्या वर्षी पाहुणे निम्मे झाले असे धरा. अतिवृष्टी, रोगाची साथ, एखादी अप्रिय घटना, कारण काहीही असो. मार्च २०२० नंतर आपण सर्वांनी ते पाहिलेच आहे. हाती उरतील २२,५००. हप्त्यात साडेतीन हजारांची तूट येईल. महुआ-चिंच विकून ती भरून निघेल. परंतु त्याच घराला आपण उत्साहाच्या भरात पाच लाख दिले असते, तर वर्षाची परतफेड सुमारे १ लाख ३० हजार झाली असती. ६० रात्रींच्या चांगल्या वर्षातही ती निघाली नसती. मग ते खाते थकीत होणार, वसुली अधिकारी त्या अंगणात उभा राहणार, आणि ‘या लोकांना कर्ज देऊ नये’ असा आपला जुनाच ग्रह पक्का होणार.

म्हणून माझे म्हणणे असे. पहिले कर्ज लहान असावे आणि ते शौचालय, पाणी, अंथरूण-पांघरूण व दुरुस्ती यांपुरतेच असावे. नवी खोली दुसऱ्या कर्जातून, पहिले फिटल्यानंतर. हप्ते दरमहा समान नसावेत. बस्तरमध्ये पर्यटक येतात ते मुख्यतः दसऱ्यापासून फाल्गुनापर्यंत. पावसाळ्यात कुटुमसरची गुहा बंद असते आणि रानवाटा चिखलाने भरतात. पीककर्जाला आपण हंगाम पाहून परतफेडीची मुदत देतो, मग येथेही ऑक्टोबर ते मार्च मोठे हप्ते आणि उरलेल्या महिन्यांत केवळ व्याज, अशी रचना करण्यास कोणती हरकत आहे?

दोन आक्षेप

या विषयावर सहकाऱ्यांशी बोलताना दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा, की पर्यटनाने आदिवासींचे जीवन प्रदर्शनाची वस्तू होईल. ही भीती निराधार नाही. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या पोशाखात पाहुण्यांपुढे नाचणारी मुले मी पाहिली आहेत आणि मला ते आवडले नाही. परंतु याचा निर्णय भिलाईत बसून आपण करायचा नाही, आणि रायपूरनेही करायचा नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आपल्या चालीरीती आणि साधनसंपत्ती जपण्याचा अधिकार दिला आहे, आणि छत्तीसगढने २०२२ मध्ये त्याचे नियमही केले. किती पाहुणे घ्यायचे, कोणत्या देवस्थानापाशी कुणी जाऊ नये, कोणता सण पाहुण्यांसाठी खुला आणि कोणता नाही, हे ग्रामसभेने ठरवावे. बँकेने फक्त तो ठराव मागावा आणि त्याचा मान राखावा.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा आहे. एक-दीड लाखाच्या कर्जाला जेवढा कागद लागतो, तेवढाच पन्नास लाखांच्या कर्जाला लागतो, मग हा खटाटोप कशासाठी? व्यवहाराच्या दृष्टीने हे खरे आहे. परंतु एका गावातील आठ-दहा घरांचे अर्ज एकत्र घेतले, पाहणी एकाच दिवशी केली आणि गटाच्या खात्यातून हप्ते घेतले, तर खर्च पुष्कळ कमी होतो. शिवाय भिलाईतील निवृत्त कामगारांच्या ठेवींनी आपल्या शाखा समृद्ध आहेत. त्या ठेवींपैकी थोडा भाग याच राज्यातील जंगलगावांत गेला, तर त्या कामगारांच्याच नातवंडांना सुट्टीत राहण्यासाठी एक चांगले घर मिळेल. ठेवीदार आणि कर्जदार यांची गाठ एका पंगतीत पडावी, असा योग आपल्या व्यवसायात विरळाच.

फिरत्या घराचे काय?

युर्तचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. फिरते घर पाहण्यासाठी आपल्याला मध्य आशियात जाण्याची गरज नाही. कच्छ-सौराष्ट्राकडील रबारी पशुपालक मेंढ्या आणि उंट घेऊन कित्येक वर्षे छत्तीसगढात वावरत आहेत. कापणी झालेल्या शेतात त्यांचा डेरा पडतो, खाटांवर संसार रचला जातो आणि शेतकऱ्याला लेंडीखत मिळते. महाराष्ट्रात धनगरांचे वाडे दसऱ्यानंतर देशावरून कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या आधी परततात. त्यांच्याकडे पाहुणा पाठवावा, असे मी आज म्हणणार नाही. ज्यांचा चराईचा हक्कच दरवर्षी आक्रसत आहे, त्यांच्यावर पाहुण्याचा भार कशाला?

परंतु किर्गिझ मेंढपाळापाशी आपला गट, आपले दरपत्रक आणि आपला समन्वयक आहे, आणि आपल्या मेंढपाळाला पत्त्याच्या पुराव्याअभावी बँकेत खाते उघडणे जड जाते, हा फरक मनाला बोचतो. वास्तविक ज्यांच्याकडे अधिकृत ओळखपत्र नाही, त्यांच्यासाठी ‘लघु खात्या’ची सोय आहे. खातेदाराने अधिकाऱ्यासमोर छायाचित्रावर सही किंवा अंगठा केला की ते उघडता येते. त्यात शिल्लक ५० हजारांपर्यंत आणि वर्षाची जमा एक लाखापर्यंत चालते. पाहुणचाराची गोष्ट पुढची. आधी त्यांना आपल्या दारात पाहुण्यासारखे बसवून घ्यावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.

ग्राहक मित्रांना विनंती

हे मासिक वाचणाऱ्यांपैकी पुष्कळ जण येत्या थंडीत सहलीचा बेत करीत असतील. गोवा, पुरी, सिमला अवश्य पाहावे. पण एकदा बस्तरची वाट धरावी. पंच्याहत्तर दिवस चालणारा बस्तरचा दसरा, चित्रकोटचा धबधबा आणि कांगेरचे सालवन आपल्याच राज्यात आहे. राहायचे ते घरगुती सोयीने राहावे, आणि शक्य तर एका ऐवजी दोन रात्री. एका रात्रीच्या पाहुण्यासाठीही चादरी धुवाव्याच लागतात. दराची घासाघीस करू नये. ठरलेला दर गावाने विचार करून ठरवलेला असतो. घरचे जे जेवतात ते जेवावे. छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे. मुलांना चॉकलेटे वाटू नयेत. काही द्यायचेच असेल तर गावनिधीत द्यावे. आणि पैसे शक्यतो घरधनिणीच्या खात्यावर पाठवावेत, कारण त्या नोंदीच उद्या तिच्या कर्जाच्या अर्जाला जोडता येतात.

सहकारी बंधुभगिनींना मी इतकेच सांगेन, की असा अर्ज आला तर शेरा मारण्यापूर्वी ते घर एकदा पाहून यावे. जमल्यास तेथे जेवावे. मी अर्ज परत केला त्या गावी शाखेपासून मोटारसायकलने पाऊण तासात पोहोचता येत होते. तीन वर्षांत मी तेथे एकदाही गेलो नाही.

धुडमारासहून निघताना घरच्या बाईंनी वहीत आमचे नाव लिहून घेतले आणि पुढच्या पानावरचे नाव दाखवले. पुढील पाहुण्यांची पाळी शेजारच्या घराची होती. मी ती वही हातात घेऊन थोडा वेळ पाहिली. रकाने वेडेवाकडे आखलेले होते, पण तारीख, घर, पाहुणे, जमा रक्कम आणि गावनिधी, सारे तेथे होते. आमच्या शाखेत एखादा अर्जदार अशी वही घेऊन आला, तर मी त्याला खुर्ची देईन.

(लेखक बँकेच्या भिलाई येथील शाखेत अधिकारी आहेत. लेखातील मते वैयक्तिक आहेत.)